कॅनिस्टर फिल्टरचा व्हॉल्व्ह गळतोय: थेंब शोधण्यापासून ओ-रिंग बदलेपर्यंत

गेल्या पावसाळ्यात आमच्या वडगावच्या घरी फिशटँकखालच्या कपाटाचं प्लायवूड एका कोपऱ्यात फुगलं. बेळगावच्या जुलैत कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात, त्यामुळं महिनाभर मी त्याचा दोष हवेलाच दिला. मग एका संध्याकाळी लाइट गेली, फिल्टरची घरघर थांबली आणि त्या शांततेत कपाटातून 'टप्' असा आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा.

टॉर्च घेऊन पाहिलं तर कॅनिस्टर फिल्टरच्या (टाकीखाली ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) व्हॉल्व्हच्या, म्हणजे पाइप जिथं फिल्टरला जोडतात त्या कॉकच्या बुडाशी पांढरं क्षाराचं पुट चढलं होतं. म्हणजे गळती त्या दिवशी सुरू झालेली नव्हती. थेंब सुटत होता, वाळत होता, मागे क्षार ठेवत होता. त्यानंतर ओळखीपाळखीत, शहापूरपासून निपाणीपर्यंत, पाच-सहा फिल्टर उघडून पाहिले. एक सोडला तर सगळीकडं दुखणं एकच निघालं: चपटी झालेली रबराची रिंग, म्हणजे ओ-रिंग. तरीही लोक आधी बाहेरून एम-सील थापतात किंवा अख्खा व्हॉल्व्ह मागवून आठ-दहा दिवस मासे फिल्टरशिवाय ठेवतात. दोन्हीची गरज नसते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

थेंब लहान, पाणी किती?

सेकंदाला एक थेंब म्हटलं तर काही वाटत नाही. पण साधारण 20 थेंबांचं 1 मिलिलिटर होतं. त्या हिशोबानं दिवसाला सव्वाचार लिटरच्या वर पाणी जातं. तीन फूट लांब आणि सव्वा फूट रुंद टाकीत पातळी दिवसाला सव्वा सेंटिमीटरनं उतरते. उन्हाळ्यात आपण ते बाष्पीभवनावर ढकलतो आणि वरून पाणी ओतत राहतो.

खरी भीती वेगळी आहे. कॅनिस्टर टाकीच्या खाली असतो आणि पाणी त्याच्यात वजनानं, सायफननं उतरतं. पंप फक्त ते परत वर ढकलतो. त्यामुळं व्हॉल्व्ह निसटला किंवा फुटला तर पंप बंद करून काही होत नाही. आत घेणाऱ्या पाइपची जाळी जिथं आहे तिथपर्यंत टाकी रिकामी होत जाते, आणि आपण ती जाळी तळाशीच लावलेली असते. म्हणून ठिबकणारा व्हॉल्व्ह 'पुढच्या रविवारी बघू' म्हणून सोडू नये.

आधी वीज

दुरुस्तीच्या पहिल्या पायरीला पान्हा लागत नाही. कपाटात जमिनीवर एक्स्टेंशन बोर्ड पडलेला असेल तर मेन बटण बंद करूनच त्याला हात लावा, आणि तो परत खाली ठेवू नका. कपाटाच्या बाजूच्या फळीला उंचावर स्क्रूनं बसवा. प्रत्येक वायर बोर्डात शिरण्याआधी खाली झोळ खाऊन मग वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या टोकाशी गळून पडतं, प्लगात जात नाही. घरात 30 मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून तो बसवून घ्या. फिशटँक असलेल्या घरात ही चैन नाही. हीटर असेल तर तोही बंद करून पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या. गरम काच पाण्याबाहेर उघडी पडली की तडकते.

गळतंय नेमकं कुठून?

या कामाचा निम्मा वेळ इथंच द्यावा असं माझं मत आहे. पाणी जिथं दिसतं तिथूनच निघतं असं नसतं. टाकीच्या काठावरून पाइपवर ओघळलेलं पाणी पाइपाला धरून खाली येतं आणि थेट व्हॉल्व्हवर थांबतं, मग व्हॉल्व्हच्या नावानं बोंब होते.

फिल्टर चालू असताना व्हॉल्व्ह, दोन्ही पाइपांचे नट, फिल्टरचं डोकं (डब्यावरचा झाकणाचा भाग) आणि डब्याची कड कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसा. मग टिश्यू पेपरच्या पट्ट्या करून चार-पाच ठिकाणी एकेक वळसा द्या: पाइपावर व्हॉल्व्हच्या वीतभर वर, पाइपाच्या नटाखाली, व्हॉल्व्हच्या खटक्याच्या कण्याभोवती, व्हॉल्व्ह डोक्यात जिथं बसतो त्या सांध्यावर, आणि डोकं व डबा यांच्यामधल्या खाचेवर. दहा मिनिटांनी पाहा, मग तासानं. जी पट्टी सगळ्यात आधी भिजली ती जागा खरी. खाली वर्तमानपत्र अंथरून थेंब कुठं पडतो हेही पाहता येतं, पण त्यावरून फक्त बाजू कळते.

आता फिल्टर बंद करून हेच पुन्हा करा. हा भाग बहुतेक जण गाळतात. पंप बंद असताना टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या पाण्याच्या उंचीचा दाब दोन्ही बाजूंना सारखा असतो. पंप चालू झाला की आत येणाऱ्या बाजूचा दाब थोडा उतरतो आणि बाहेर जाणाऱ्या बाजूचा थोडा चढतो. म्हणून लाइट गेल्यावर ठिबकणं वाढलं तर आत येणाऱ्या बाजूची रिंग आधी तपासायची, चालू असताना वाढलं तर बाहेर जाणाऱ्या बाजूची. माझ्याकडं पहिला प्रकार होता, म्हणूनच फिल्टर सुरळीत चालू असताना कपाटात हात घातला की फक्त ओल लागायची, थेंब कधी सापडायचा नाही.

पांढरं पुटही खूप सांगतं. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, त्यामुळं तिथं जुन्या गळतीची खूण ठळक उमटते. खानापूर-जांबोटीकडच्या मऊ पाण्यात ती जवळजवळ दिसत नाही. तिथं टिश्यूवरच भिस्त ठेवा.

सामान

मोठी बादली, रुंद टब किंवा जुनी परात, दोन-तीन जुने टॉवेल, मऊ टूथब्रश, लाकडी टूथपिक, छोटा स्क्रूड्रायव्हर, सायट्रिक ॲसिड (आपण ढोकळ्यात घालतो ते लिंबूफूल), सिलिकॉन ग्रीस आणि जमलं तर व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचा कॅलिपर). ओ-रिंग आधी आणायची घाई नको. माप घेतल्याशिवाय आणलेली रिंग सहसा परत न्यावी लागते.

सिलिकॉन ग्रीस मागताना नीट सांगा. नुसतं 'सिलिकॉन द्या' म्हटलं की हार्डवेअरवाला काचा चिकटवायची ट्यूब हातात ठेवतो. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारी ती ट्यूब सीलंट आहे, सुकून घट्ट होते. व्हॉल्व्हमध्ये ती गेली तर पुढच्या वेळी तो उघडणारच नाही. आपल्याला कधीच न सुकणारं, पारदर्शक, मलमासारखं ग्रीस हवं.

फिल्टर सोडवणं

साधारणपणे खटका बंद करायचा, कुलूप सोडायचं आणि दोन्ही पाइपांसकट व्हॉल्व्ह उचलून घ्यायचा. पण इथं व्हॉल्व्हच आजारी आहे, तेव्हा त्याच्या भरवशावर राहायचं नाही. आधी आत घेणारा पाइप जाळीसकट टाकीच्या पाण्याबाहेर काढा, म्हणजे सायफन तुटतो. बाहेर सोडणाऱ्या पाइपाचं तोंड पाण्यात बुडालेलं असेल तर तेही वर घ्या. पाइप दुमडून दोरीनं आवळण्याची युक्ती करू नका. जुना पाइप दुमडल्या जागी चिरतो आणि एकाच्या दोन गळत्या होतात.

मग डबा परातीत ठेवून व्हॉल्व्ह उचला. पाइपात उरलेलं लिटर-अर्धा लिटर पाणी येईल, ते बादलीत घ्या. डब्यातला मीडिया (पाणी गाळायचं आतलं सामान) कोरडा पडू देऊ नका. त्याच्यावरचे जिवाणू माशांचा अमोनिया पचवतात आणि त्यांना ऑक्सिजन लागतो. काम तासाभरात आटपणार असेल तर डबा पाण्यानं भरलेला तसाच राहू द्या. जास्त वेळ लागणार असेल, रिंग आणायला बाजार गाठायचा असेल, तर मीडिया टाकीच्याच पाण्याच्या बादलीत काढून त्यात हवेचा पंप सोडा. नळाच्या पाण्यात धुऊ नका, त्यातलं क्लोरीन जिवाणू मारतं.

व्हॉल्व्ह उघडून पाहताना

बाजारात दोन प्रकार दिसतात. पहिल्यात दोन्ही पाइप एकाच ठोकळ्यात येतात आणि एकच खटका दोन्ही वाटा बंद करतो. ठोकळ्याच्या खाली दोन नळ्या असतात, त्या डोक्यातल्या भोकांत बसतात. प्रत्येक नळीवर किंवा भोकात एक ओ-रिंग असते. दुसऱ्यात प्रत्येक पाइपावर स्वतंत्र जोड-कॉक असतो, मधोमध नट आणि त्याच्या आत एक रिंग. काम दोन्हीकडं तेच.

सगळ्यात आधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा. मग टूथपिकचं टोक रिंगेखाली सारून ती उचला. सुईनं किंवा स्क्रूड्रायव्हरनं उचकटू नका. प्लास्टिकच्या खाचेवर एक ओरखडा पडला तरी नव्या रिंगेखालून पाणी वाट काढतं.

काढलेली रिंग बोटांत फिरवून पाहा. चांगली रिंग कापली तर तिचा छेद गोल दिसतो. थकलेली रिंग बाहेरून चपटी लागते, टायर घासल्यासारखी. नखानं दाबली तर खड्डा भरून येत नाही. ताणून उजेडात धरली की बारीक भेगा दिसतात. कधी उलट होतं, रिंग फुगून मऊ आणि सैल होते. तसं दिसलं तर आधीच्या कुणीतरी चुकीचं तेल लावलेलं असतं.

आता खाच. खुपदा रिंग ठीक असते आणि खाचेत क्षाराचा खडा किंवा वाळूचा कण बसलेला असतो. अर्धा लिटर कोमट पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड विरघळवून ठोकळा त्यात अर्धा तास बुडवा. बुडबुडे येतात, तो क्षार विरघळत असतो. मग टूथब्रशनं घासा आणि वाहत्या पाण्यात भरपूर खळबळून घ्या. उकळतं पाणी वापरू नका, प्लास्टिक वाकतं. ॲसिडबरोबर ब्लीचिंग किंवा ब्लीचचं पाणी चुकूनही नको, विषारी वायू होतो.

खटक्याचा कणा गळत असेल तर काम थोडं खोल जातं. काही ठोकळ्यांत खटका एका स्क्रूनं किंवा लहान सर्क्लिपनं (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीनं) धरलेला असतो. तो सोडवला की कणा बाहेर येतो आणि त्याच्यावरच्या एक-दोन बारीक रिंगा दिसतात. पाण्याची वाट उघड-बंद करणारा आतला बोळा कुठल्या दिशेला होता ते फोटोत हवंच, नाहीतर खटका 'चालू' दाखवतो आणि वाट बंद असते. ज्या ठोकळ्यात कणा कायमचा चिकटवलेला आहे तो फोडून पाहू नका, नवा ठोकळा घ्या. प्लास्टिकला केसासारखी चीर गेली असेल तरीही तेच. फेव्हिक्विकचा थेंब दोन दिवस धरतो, पण खटका अधूनमधून हलतो आणि वर टाकीभर पाणी टांगलेलं असतं.

माप आणि उद्यमबाग

या बाबतीत आपण बेळगावकर नशीबवान आहोत. आपलं गाव फाउंड्री आणि हायड्रॉलिक्सचं. उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरची सीलं विकणारी दुकानं आहेत आणि ओ-रिंग हा त्यांचा रोजचा माल. मोठ्या शहरातले लोक ज्या रिंगेसाठी कंपनीचा पूर्ण किट मागवतात, ती इथं सुटी मिळते.

ओ-रिंग दोन मापांनी ओळखतात: आतला व्यास आणि रबराची जाडी. जुन्या रिंगेची जाडी मोजून नवी घेऊ नका, कारण ती चपटून कमी झालेली असते. खाचेच्या तळाचा व्यास आणि खाचेची खोली व्हर्नियरनं मोजा. रिंगेचा आतला व्यास खाचेच्या तळापेक्षा किंचित कमी हवा, म्हणजे ती अंगाला धरून बसते. तळ 16 मिलिमीटर असेल तर 15.5 च्या आसपास. जाडी अशी हवी की नळी आत गेल्यावर रबर साधारण पाचव्या-सहाव्या हिश्श्यानं दाबलं जाईल. त्याहून कमी दाबलं गेलं तर गळतं. फार जास्त असेल तर ठोकळा बसता बसत नाही, आपण जोर लावतो आणि प्लास्टिकचं कुलूप तुटतं.

एक खाचखळगा: मेट्रिक रिंगा 1.5, 2, 2.5, 3 मिलिमीटर जाडीच्या येतात आणि इंची मापाच्या 1.78, 2.62, 3.53 च्या. 2.5 आणि 2.62 एकमेकींच्या जागी पुष्कळदा चालून जातात, 2 च्या जागी 1.78 मात्र हमखास ठिबकते. व्हर्नियर नसेल तर जुनी रिंग आणि ठोकळा दोन्ही दुकानात घेऊन जा आणि तिथंच बसवून पाहा.

मी गेलो तेव्हा सांगितलं, "अण्णा, पाण्याला पाहिजे, तेलाला नको." त्यांनी लगेच विचारलं, "मग ईपीडीएम बघताय काय? आमच्यात तेलाचंच गिऱ्हाईक, नायट्राइल जास्त. चालतंय की पाण्याला पण." बरोबर होतं त्यांचं. ईपीडीएम रबर पाण्यात जास्त टिकतं, पण खनिज तेल लागलं की फुगतं, म्हणून हायड्रॉलिकवाले ते फारसं ठेवत नाहीत. नायट्राइल तेलातही चालतं आणि पाण्यातही. 70 शोअर कडकपणाची साधी नायट्राइल रिंग आपल्या कामाला पुरते. फिल्टरमधला दाब असतो तरी किती, मीटरभर उंचीच्या पाण्याचा, म्हणजे 0.1 किलो प्रति चौरस सेंटिमीटर. महागडी व्हिटॉन रबराची रिंग घेण्यात अर्थ नाही. एकाच मापाच्या चार रिंगा घ्या. मिळाली नवी ईपीडीएम तर उत्तमच, पण मग पुढचा परिच्छेद दोनदा वाचा.

ग्रीस

व्हॅसलीन, खोबरेल, शिवणयंत्राचं तेल, गाडीचं ग्रीस यांतलं काहीही लावू नका. व्हॅसलीन हे पेट्रोलियमचंच रूप आहे. नायट्राइल ते सोसतं, पण ईपीडीएम त्यानं फुगतं. फिल्टरबरोबर आलेली रिंग कुठल्या रबराची हे नुसतं पाहून ओळखता येत नाही, काळ्या सगळ्या सारख्याच दिसतात. सिलिकॉन ग्रीस या दोन्हींना चालतं. अपवाद एकच: रिंग स्वतः सिलिकॉन रबराची असेल, जी बहुधा पांढरी, पारदर्शक किंवा लालसर असते, तर तिला सिलिकॉन ग्रीस लावू नका, नुसत्या पाण्यानं ओली करून बसवा.

ग्रीस दोन बोटांच्या टोकांत घेऊन रिंग त्यातून फिरवा. रिंगेवर चमक आली म्हणजे पुरे. गोळे दिसले तर जास्त झालं. जास्तीच्या ग्रीसला वाळू आणि माशांची घाण चिकटते. रिंग खाचेत सारताना पीळ पडू देऊ नका. बसल्यावर बोटानं एक पूर्ण फेरा फिरवून पाहा.

पाइपाच्या नटातून गळत असेल तर

हे त्यामानानं सोपं. पाइपाचं टोक वर्षानुवर्षं ताणून सैल झालेलं असतं. धारदार कटरनं दोन-तीन सेंटिमीटर टोक सरळ काटकोनात कापून टाका. नवं टोक गरम पाण्यात मिनिटभर धरा, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत, कारण आपल्याकडच्या थंडीत पीव्हीसी पाइप लाकडासारखा ताठ होतो. मग नट आधी पाइपात घालून टोक नळीवर शेवटपर्यंत सारा आणि नट हातानं घट्ट करा. पान्हा लावू नका. पाइप बदलायचाच असेल तर माप नीट पाहा: 12/16 म्हणजे आतून 12 आणि बाहेरून 16 मिलिमीटर. नटाला दोन्ही मापं जुळावी लागतात.

परत जोडणं आणि खात्री

डब्याची मोठी रिंगही याच वेळी पुसून, हलकं ग्रीस लावून घ्या. डोकं बसवा, क्लिपा समोरासमोरच्या जोडीनं लावा. ठोकळा खटका बंद ठेवूनच बसवा, दोन्ही बाजूंना सारखा दाब देत. नीट बसला की कुलूप 'टक्' करून लागतं. जोर लावावा लागत असेल तर काढा आणि पुन्हा पाहा, रिंग खाचेतून निसटलेली असते.

डबा परातीतच राहू द्या. पाइप टाकीत सोडा, खटका उघडा, फिल्टरवर पाणी ओढायचा हातपंप असेल तर चार-पाच वेळा मारा. पाणी आत उतरू लागतं आणि हवा दुसऱ्या पाइपातून वर जाते. बुडबुडे थांबेपर्यंत वीज देऊ नका. पंप कोरडा फिरला तर इम्पेलरचा (पंपातल्या पात्यांच्या चक्राचा) कणा झिजतो. पाणी भरल्यावर कोरड्या हातानं प्लग लावा. थोडी खरखर झाली तर डबा दोन्हीकडं हलकेच कलता करा, अडकलेली हवा सुटते.

पुन्हा टिश्यूच्या पट्ट्या. दहा मिनिटांनी, तासाभरानं. मग फिल्टर बंद करून अर्धा तास, कारण माझ्यासारखी गळती लाइट गेल्यावरच बोलते. त्यानंतर परत चालू करा आणि डबा निदान एक रात्र परातीतच ठेवा. बंद फिल्टर तासन्‌तास तसाच ठेवू नका. आतलं पाणी ऑक्सिजनशिवाय सडतं आणि चालू केल्यावर तेच टाकीत जातं.

दर सफाईला रिंग पुसून ग्रीसचा हात फिरवा, आणि महिन्यातून एकदा खटका बंद-चालू करा, म्हणजे तो क्षारानं जाम होत नाही. फिल्टर उचलताना खटक्याला किंवा ठोकळ्याला धरू नका. मी पाहिलेल्या त्या पाच-सहांपैकी एकाचा ठोकळा नेमका असाच तडकला होता आणि तिथं रिंग बदलून उपयोग झाला नाही.

उरलेल्या रिंगा एका पाकिटात घालून वर माप लिहा आणि पाकीट कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. कपाटाच्या तळाशी पांढरा कागद अंथरून ठेवा. आमच्याकडं आता रोज सकाळी माशांना खाणं घालताना आई तो कागद बोटानं चाचपून पाहते आणि 'कोरडा हाय' म्हणून सांगते.